वाचकांचे प्रश्न : कार्डावरची उधारी आणि सिबिलची वही

२०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापूरला नवऱ्या मुलाचा सिबिल स्कोअर पाहून मुलीकडच्यांनी जमत आलेले लग्न मोडल्याची बातमी आली होती. त्या वेळी बरेच जण हसले. पण या सदराकडे येणाऱ्या टपालात त्या आकड्याविषयीची पत्रे वाढतच आहेत. या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे क्रेडिट कार्डाविषयी आहेत. ती थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी २४ वर्षांचा असून दोन वर्षांपासून चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. पगाराचे २६ हजार रुपये बँकेत जमा होतात. आमच्या घरात आजवर कोणीही बँकेचे कर्ज काढलेले नाही आणि वडील ही गोष्ट चारचौघांत अभिमानाने सांगतात. मागच्या महिन्यात मी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, तर पतइतिहास नसल्याचे कारण देऊन तो नाकारण्यात आला. चार-पाच वर्षांनी गृहकर्ज घ्यावे लागेल, तेव्हाही असेच होणार का? कर्ज न काढणे हा दोष आहे का?
(एक वाचक, चाकण)

उत्तर : दोष मुळीच नाही, आणि वडिलांचा अभिमानही रास्त आहे. अडचण एवढीच आहे की तुम्ही दिलेला शब्द पाळता की नाही, हे पाहायला बँकेपाशी कागद नाही. आपल्या देशात लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांतली सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली, म्हणून कोणत्याही छायाप्रतीला आपण झेरॉक्स म्हणतो तसे या चौघींच्याही आकड्याला सिबिलच म्हणतो. हा आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ज्याने कधी कर्ज किंवा कार्ड घेतलेच नाही, त्याच्या अहवालात आकड्याच्या जागी उणे एक किंवा ‘एनएच’ असे लिहून येते. शाळेत नावच न घातलेल्या मुलाचे प्रगतिपुस्तक जसे रिकामे असते, तसाच हा प्रकार आहे. त्याला नापासाचा शेरा समजू नका. तुमचा पगार, खात्यातली शिल्लक, मुदत ठेवी, वडिलांनी वर्षानुवर्षे न चुकता भरलेली भिशी, मित्राला ठरल्या दिवशी परत केलेले हातउसने पैसे, यांतले काहीही या वहीत उतरत नाही. पतसंस्थेतले व्यवहारही तिथे सहसा दिसत नाहीत.

पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही एवढ्यावरून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे आणि २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने संसदेतही त्याचा उल्लेख केला. तरीही कार्ड द्यायचे की नाही हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते; त्यामुळे वाद घालण्यात वेळ दवडण्यापेक्षा मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड घ्यावे, असे मी सुचवीन. समजा, तुम्ही २० हजारांची ठेव ठेवली आणि बँकेने तिच्या ९० टक्के, म्हणजे १८ हजारांची मर्यादा दिली. ठेवीवरचे व्याज चालू राहते, फक्त कार्ड असेपर्यंत ती ठेव मोडता येत नाही. बँकेचे पैसे सुरक्षित असल्यामुळे अशा कार्डासाठी जुना इतिहास बहुधा विचारला जात नाही, आणि सिबिलच्या वहीत मात्र हे कार्ड इतर कार्डांसारखेच लिहिले जाते.

आता तारखांकडे वळू, कारण कार्डाचा सगळा खेळ त्यांवर चालतो आणि नवखा माणूस नेमका तिथेच चुकतो. कार्डाला दोन तारखा असतात : एक बिल निघण्याची आणि दुसरी पैसे भरण्याची. समजा, तुमचे बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १ आहे. १३ जुलैला केलेली खरेदी १२ ऑगस्टच्या बिलात येईल आणि तिचे पैसे १ सप्टेंबरपर्यंत भरायचे असतील, म्हणजे तुम्हाला ५० दिवस बिनव्याजी मिळाले. तीच खरेदी ११ ऑगस्टला केली असती, तर हातात २१ दिवसच राहिले असते. ही तारीख पगाराच्या दिवसाशी जुळत नसेल, तर बिलाची तारीख बदलून मागता येते. किमान एकदा तशी मुभा देणे कार्ड देणाऱ्या बँकांना बंधनकारक आहे.

कार्डावर नवे काही घ्यायला जाऊ नका. जो खर्च एरवीही होणारच आहे, म्हणजे दुचाकीचे पेट्रोल, मोबाइलचे रिचार्ज, घरचे वीजबिल, तेवढाच त्यावर टाका आणि तो मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा. १८ हजारांच्या मर्यादेत ही रक्कम ५,४०० रुपये होते. एखाद्या महिन्यात खर्च त्यापुढे गेलाच, तर बिल निघण्याआधीच थोडे पैसे भरून टाकावेत, म्हणजे बिलात आणि पुढे अहवालातही बाकी कमी दिसते. जानेवारी २०२५ मध्ये बँकांना ही माहिती दर पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक झाले, त्यामुळे चांगले आणि वाईट दोन्ही पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागले आहे. पैसे आपोआप वळते करण्याची सूचना बँकेला जरूर द्या, पण तो अर्ज भरताना ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ असे दोन पर्याय असतात, त्यांतला पहिलाच निवडा. दुसऱ्यावर खूण केल्यास काय होते, हे पुढच्या पत्रात आले आहे.

एक गोष्ट राहिली. नाकारले गेल्याच्या रागात एकाच महिन्यात चार बँकांकडे अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि अशी रांग दिसली की अर्जदार पैशासाठी अडला आहे, असाच अर्थ निघतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र आकडा कमी होत नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वर्षापूर्वी मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी लॅपटॉप आणि वसतिगृहाचे मिळून ६० हजार रुपये कार्डावर भरले. कार्डाची मर्यादा ७५ हजार आहे. त्यानंतर मी त्यावर काहीही खरेदी केलेली नाही आणि दर महिन्याला बिलात दिलेली किमान रक्कम एकदाही न चुकता भरली आहे. वर्षभरात माझे ३५ हजारांहून अधिक रुपये गेले, तरी बाकी ५२,७०० च्या आसपास दिसते. बँकेने फसवले आहे का? आणि एकही तारीख चुकवली नसताना माझा स्कोअर का घसरला?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचे पत्र वाचून मी वही घेऊन बसलो आणि तुमचे आकडे जवळजवळ रुपयाला रुपया जुळले. बँकेने फसवलेले नाही. छापील अटींप्रमाणेच सगळे झाले आहे, आणि खरे दुःख तेच आहे.

कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. गृहकर्जाच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर हा कर नाही, कार्डाच्या व्याजावर आहे. दोन्ही मिळून महिन्याला ४.१३ टक्के झाले. म्हणजे पहिल्या महिन्यात ६० हजारांचे ६२,४७८ होतात. किमान देय रक्कम बाकीच्या पाच टक्के धरली, तर तुम्ही ३,१२४ रुपये भरता, त्यातले २,४७८ व्याजात आणि करात जातात आणि मूळ कर्जातून केवळ ६४६ रुपये उतरतात. असे १२ महिने केले की भरलेली एकूण रक्कम सुमारे ३५,३०० होते, त्यात व्याज आणि कर २८ हजार, आणि बाकी उरते ५२,७०० च्या जवळपास. याच गतीने ६० हजारांचे ३० हजार व्हायला पाच वर्षे चार महिने लागतील. किमान रक्कम इतकी तरी असावी की बाकी वाढत जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे आणि तो येथे पाळला गेला आहे : बाकी वाढत नाही, थेंबाथेंबाने उतरते. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड कित्येक महिने, वर्षे लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, असा इशाराही बिलावर छापावा लागतो. तो तुमच्या बिलावर असेलच. पण ‘किमान देय’ हा आकडा ठळक असतो आणि माणसाची नजर त्यावरच थांबते.

व्याज अवाजवी असल्याची तक्रार करावी का, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे त्या वाटेने आता फारसे काही हाती लागणार नाही.

स्कोअरविषयी सांगायचे, तर वेळेवर भरणा या रकान्यात तुमची नोंद स्वच्छ आहे. पण ७५ हजारांच्या मर्यादेपैकी ७० टक्क्यांहून जास्त रक्कम वर्षभर वापरात अडकून राहिली आहे आणि आकडा त्यामुळे उतरतो. शिवाय पूर्वी एका बँकेच्या कर्ज विभागात बसत असताना मी स्वतः एक गोष्ट करीत असे. अर्जदाराने कार्डाचे एकूण देय भरले आहे की किमान देय, हे पाहिल्याशिवाय मी पुढचा कागद उघडत नसे. तारखा पाळणारा पण बाकी न उतरवणारा माणूस कर्ज देणाऱ्याला कोठेतरी ओढाताण असल्याचे सांगत असतो, मग त्याचा पगार कितीही असो.

आता करायचे काय? तुमची शिक्षकांची पतपेढी असेल तर तिथे, नाहीतर पगार जमा होणाऱ्या बँकेत, ५२,७०० रुपयांचे वैयक्तिक कर्ज मागा. ते वर्षाला १४ टक्क्यांनी आणि दोन वर्षांच्या मुदतीने मिळाले, तर हप्ता सुमारे २,५३० रुपये बसेल. सध्या तुम्ही दरमहा साधारण २,७४० रुपये भरत आहात. म्हणजे आजच्यापेक्षा कमी पैसे भरूनही २४ महिन्यांत कर्ज संपेल आणि एकूण व्याज आठ हजारांच्या आसपास जाईल. घरात मोडायला नको असलेले दागिने असतील, तर सोनेतारण कर्जाचा दर बहुधा याहूनही कमी पडतो. कार्ड देणारी बँकही ही बाकी हप्त्यांत करून देते. तिथे व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क किती, हे विचारून मगच होकार द्या. मात्र कर्जाच्या पैशाने कार्डाची बाकी शून्य केल्यावर तेच कार्ड दिवाळीच्या खरेदीला बाहेर निघाले, तर एकाची दोन कर्जे होतील. मी पाहिलेल्या अर्जांत ही चूक सर्वांत जास्त वेळा आढळली.

तोपर्यंत या कार्डावर किराणासुद्धा घेऊ नका. मागची बाकी शिल्लक असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या साखरेवर आजपासूनच व्याज सुरू होते. एटीएममधून कार्डावर रोख काढल्यास तर बाकी नसतानाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि वर वेगळे शुल्क पडते.

प्रश्न : माझे कापडाचे छोटे दुकान आहे. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद राहिल्याने कार्डाचे ८४ हजार रुपये थकले. २०२१ मध्ये वसुली करणाऱ्या माणसाने ४० हजारांत मिटवून देतो असे सांगितले. मी पैसे भरले आणि बँकेचे पत्रही घेतले. विषय संपला असे वाटले होते. आता गृहकर्जाचा अर्ज त्याच कार्डावरून फेटाळला गेला. एक गृहस्थ १५ हजार रुपयांत ‘सिबिल साफ’ करून देतो म्हणतात. द्यावेत का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. बँकेने कळवलेली खरी नोंद बाहेरचा कोणीही माणूस पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करून घ्यायला पैसे लागत नाहीत.

तुमच्या बाबतीत नोंद खरी आहे, हे आधी मान्य करावे लागेल. तुमच्या हातातल्या पत्राला तुम्ही फेड म्हणता; बँकेच्या दृष्टीने ती तडजोड आहे. बँकेला ८४ हजार यायचे होते, ४० हजार आले आणि ४४ हजार तिने सोडले. अशा खात्यापुढे ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असे लिहिले जाते आणि पुढची प्रत्येक बँक तो शब्द ‘याने एकदा पूर्ण पैसे दिले नाहीत’ असा वाचते. पतमाहिती कंपन्यांना अशी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. टाळेबंदीतल्या अडचणीची त्या रकान्यात जागा नाही, हे अन्यायाचे वाटणे स्वाभाविक आहे, आणि मलाही ते तसेच वाटते. पैसे भरण्याआधी हा एक शब्द समजावून सांगण्याचे काम त्या वसुली करणाऱ्याचे होते. पण त्याचे लक्ष चाळीस हजारांवर होते.

सरळ मार्ग असा की त्या बँकेला लेखी अर्ज देऊन सोडून दिलेली रक्कम भरण्याची तयारी दाखवावी. व्याज आणि दंड वगळून मूळ बाकी किती निघते, ते विचारावे आणि त्यावर घासाघीस करायला संकोच बाळगू नये. पैसे भरल्यावर काहीही देणे नसल्याचा दाखला घ्यावा आणि खाते पूर्ण फेडीने बंद झाल्याचे चारही कंपन्यांना कळवण्याची मागणी त्याच अर्जात करावी. आकडा त्या दिवशी उडी मारणार नाही, जुन्या थकलेल्या महिन्यांच्या खुणाही राहतील. पण कर्ज मंजूर करणारा अधिकारी मिटवलेले खाते आणि फेडलेले खाते यांत फार मोठा फरक करतो. त्याच बरोबर वर चाकणच्या वाचकाला सांगितले तसे ठेवीवरचे कार्ड घेऊन वर्ष-दीड वर्ष ते चोख चालवले, तर ताजी नोंद चांगली तयार होते. गृहकर्जाचा अर्ज त्यानंतर करावा.

इतर वाचकांसाठी येथेच सांगतो. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात तुमचे नसलेले कर्ज, फेडलेले पण थकीत दाखवलेले कार्ड असे काही आढळले, तर संबंधित बँकेकडे किंवा त्या कंपनीकडेच तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आल्या आहेत. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, ही गोष्टही टेलिफोनजवळ लिहून ठेवण्यासारखी आहे.

प्रश्न : माझ्याकडे दोन कार्डे आहेत : एक ५० हजारांच्या मर्यादेचे आणि दुसरे, बारा वर्षे जुने, एक लाखाचे. जुने फारसे वापरत नाही आणि त्याला वार्षिक शुल्क पडते, म्हणून बंद करायचे आहे. बँक टाळाटाळ करते. तसेच पत्नीच्या नावाने माझ्या कार्डावरच जोडकार्ड घेतले आहे. त्याने तिची पत तयार होईल ना?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. जोडकार्डाचे बिल तुमचे, जबाबदारी तुमची आणि नोंदही तुमच्याच नावावर होते. पत्नीची वही तिच्या नावाचे कार्ड किंवा कर्ज असेल तेव्हाच उघडते. त्यांच्या नावाने ठेव ठेवून त्यावर स्वतंत्र कार्ड घ्यावे.

पहिल्याविषयी थोडे थांबा. दोन्ही कार्डांवर मिळून महिन्याला तुमचे ३० हजार खर्च होत असतील, तर आज ते दीड लाखाच्या मर्यादेचे २० टक्के आहेत. लाखाचे कार्ड बंद केल्यावर तोच खर्च ५० हजारांच्या मर्यादेचे ६० टक्के दिसू लागेल, आणि बारा वर्षांचा तुमचा सर्वांत जुना चालू हिशेबही संपेल. येत्या वर्षभरात मोठे कर्ज घ्यायचे असेल, तर बंद करू नका. बँकेला फोन करून शुल्क माफ करा किंवा बिनशुल्काचे कार्ड द्या असे सांगा. ग्राहक जातो आहे म्हटल्यावर पुष्कळदा ते मान्य होते. मग तीन-चार महिन्यांतून एकदा त्यावर एखादे बिल भरत जा, कारण वर्षभराहून जास्त काळ न वापरलेले कार्ड बँक तुम्हाला कळवून, ३० दिवस उत्तराची वाट पाहून, स्वतःहून बंद करू शकते.

कर्जाचा विचार नसेल आणि बंदच करायचे असेल, तर सगळी बाकी चुकती करून लेखी किंवा ई-मेलने विनंती पाठवा आणि तिची प्रत जपून ठेवा. बाकी शून्य असेल, तर जुलै २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद झालेच पाहिजे. नाहीतर खाते बंद होईपर्यंत बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. पुढच्या वेळी टाळाटाळ झाली, तर विनंतीची तारीख आणि हा ५०० चा आकडा एकाच ओळीत लिहून पाठवा. कार्ड कात्रीने कापून टाकले म्हणजे खाते बंद होत नाही. वार्षिक शुल्क पडत राहते आणि न भरलेल्या त्या चारपाचशे रुपयांपायी थकबाकीची नोंद होते.